बंद करता येणारं विमान

माणिकदादा गेले ही बातमी मला जाफराबादच्या स्टँडवर कळली. चहाचा कप हातात होता. सांगणारा म्हणाला, दुपारचं जेवण करून आडवे झाले आणि इंजिन बंद पडलं बघा. कप खाली ठेवला, डोळे पुसले, आणि त्या अवस्थेतही मी त्याला दुरुस्त केलं. म्हटलं, बाबा रे, त्या माणसाबद्दल बोलताना हा शब्द जपून वापर. बंद पडणं वेगळं आणि बंद करणं वेगळं, हे त्यांनी अख्ख्या तालुक्याला शिकवलं... तो गडी बाहेरगावचा होता. माझ्याकडं पाहत राहिला. या गावाच्या आभाळात एकेकाळी आठ फुटी पंखांचं विमान फिरायचं आणि जमिनीवरचा एक माणूस बोटाच्या इशाऱ्यानं त्याचा श्वास थांबवायचा, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

मी एसटीत कंडक्टर. जाफराबाद–भोकरदन रस्त्यावर तिकिटं फाडता फाडता बाता मारणं हे माझं बिनपगारी काम. माझ्या सांगण्यातलं एक शून्य काढून मगच हिशेब धरावा, असं माझी बायको म्हणते. ते बरोबरच आहे. पण माणिकदादांच्या बाबतीत शून्य काढू नका, लागलंच तर एखादं घाला.

धंद्यानं ते मोटार बांधणारे, म्हणजे वाइंडिंगवाले. विहिरीवरची जळालेली मोटार त्यांच्या दारात रडत यायची आणि चार दिवसांनी हसत जायची. तांब्याच्या तारेशी त्यांचं जितकं बोलणं व्हायचं तितकं माणसांशी होत नसे. औरंगाबादच्या एका निवृत्त लष्करी साहेबांच्या बंगल्यावर मोटार बसवायला गेले असताना त्यांनी रेडिओनं चालणारं विमान पाहिलं, आणि झालं. साहेबांची नजर कमी झाली होती. त्यांनी रेडिओचा संच दादांना देऊन टाकला. देताना एवढंच विचारलं म्हणे, "उडवाल हो, पण वर गेल्यावर बंद कसं कराल?" दादा म्हणाले, त्यात काय, बटण दाबून.

विमान त्यांनी घरीच केलं. बांबूच्या काड्या, थर्माकोल आणि वर त्यांच्या बायकोची, शकुंतला वैनींची, जुनी नायलॉनची साडी ताणून बसवलेली. त्यामुळं आमच्या विमानाच्या पंखांवर आंब्याच्या कोयऱ्या होत्या. असं विमान रशियाकडंही नव्हतं, हे मी बसमध्ये छातीठोकपणे सांगत असे. इंजिन होतं कपाशीवर फवारणी करायच्या पाठीवरच्या पंपाचं. पेट्रोलवर चालणारं, आवाज असा की दहा म्हशी एकदम खोकल्यासारखा.

पहिलं उड्डाण शाळेच्या मैदानावर. तालुक्यात तेवढीच जागा, जिथं ना झाड, ना विजेची तार. विमान उठलं, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि वर गेल्यावर इंजिनाचा वेग कमी करणारी दांडीच निसटली. ते पूर्ण जोरात गरगरू लागलं. दादांनी शांतपणे बंद करायची कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. इंजिन उलट जास्तच खुशीत... खाली शाळा भरलेली, प्रार्थनेला पोरं उभी, आणि त्यांच्या डोक्यावरून हे कोयऱ्यांचं भूत घिरट्या घालतंय. पेट्रोल संपलं तेव्हा ते पडलं. पार दूरच्या धावडा गावापर्यंत जाऊन पडलं असं मी सांगतो. खरं म्हणजे ओढ्यापलीकडच्या तुरीत पडलं.

हेडमास्तर कुलकर्णी सरांनी त्याच दिवशी मैदान बंद केलं. दादांनी हात जोडले, तेव्हा सर म्हणाले, "माणिकराव, मी रुमाल उंच करेन. त्या क्षणाला इंजिन आभाळात बंद झालं पाहिजे. एकच संधी. जमलं तर मैदान तुमचं, नाही तर विमान माळ्यावर ठेवा." सरांचं बरोबरच होतं. पण दादांना दुसरी जागाच नव्हती. मैदान गेलं म्हणजे विमान गेलं.

चूक काय झाली ते त्या तुरीच्या मालकानं सांगितलं. रंगनाथ नावाचा शेतकरी, असाच फवारणीचा पंप वापरणारा, मोडकं विमान खांद्यावर घेऊन आला. दादांनी त्याला समजावलं की कळ दाबली की तार तुटायची व्यवस्था मी केल्ती, तरी बंद झालं न्हाई. रंगनाथ हसून हसून खाली बसला. म्हणाला, "दादा, हे काय बल्ब हाये का? याची तार तोडली की ते मोकाट सुटतं. तार त्याच्याच अंगाला टेकवावी लागती, मंग ते मरतं." जन्मभर विजेच्या मोटारी बांधलेल्या माणसाला तार तोडली की काम थांबतं एवढंच ठाऊक. हे इंजिन आपली ठिणगी आपणच तयार करतं. ती तार इंजिनाच्या धातूला टेकली की ठिणगी वाया जाते आणि ते थांबतं. जाता जाता रंगनाथ म्हणाला, "अन् तेबी न्हाई जमलं, तर आम्ही त्याच्या नाकावर तळहात ठिवतो. हवा बंद, खेळ खतम."

त्यानंतर दादा महिनाभर जेवले नाहीत असं मी सांगायचो. जेवले, पण ताटात काय होतं ते त्यांना विचारून उपयोग नव्हता. काड्यापेटीएवढी एक मोटर रेडिओचा हुकूम ऐकून तार धातूला टेकवायची. तशीच दुसरी मोटर पत्र्याची एक झडप इंजिनाच्या नाकावर आणायची. झडपेला आतून रबरी चपलेचा तुकडा लावलेला, म्हणजे रंगनाथचा तळहातच विमानात बसवला. एवढं करूनही विश्वास नको म्हणून टाकीत पेट्रोल आठ मिनिटांपुरतंच. मी म्हटलं, दादा, एक पुरे ना. ते म्हणाले, "कंडक्टर, तुझ्या बसला ब्रेक किती?"

दादांचं काम गुपचूप चालायचं, मी मात्र गप्प राहणारा माणूस नव्हे. दोन्ही तालुक्यांत सांगून आलो होतो की आमचं विमान हुकमाचा ताबेदार आहे. लोक येणार म्हणून आदल्या दुपारी, दादा जेवायला गेले तेव्हा, मी इंजिनाला चंदेरी रंग दिला. चांगले दोन हात. काय चमकलं म्हणता! दादा आले, पाहिलं, म्हणाले, बराबर हाये, नवरदेव दिसतोय. आणि दुसऱ्या कामाला लागले.

सकाळी मैदानावर एक लाख माणूस होता. बरं, तीनशे. विमान उठलं, दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला सरांनी रुमाल उंच केला. दादांनी कळ दाबली. इंजिन चालूच. सरांचा हात वरच होता. दादांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, बोट फक्त दुसऱ्या, झडपेच्या कळीवर सरकलं... आणि आवाज थांबला. आयुष्यात मी इतकी मोठी शांतता ऐकली नाही. तीनशे माणसं, आणि वर साडीवरून वारा गेल्याची सळसळ तेवढी. विमान तरंगत आलं, मैदानाच्या मधोमध टेकलं आणि सरांच्या चपलेपासून दहा पावलांवर थांबलं. बसमध्ये मी दोन पावलं सांगतो.

लोक खांद्यावर घ्यायला धावले, पण दादा आधी इंजिनापाशी बसले. तार टेकते त्या जागी बोट फिरवलं, माझ्याकडं एकदा पाहिलं, मग तार सोलायचा छोटा चाकू काढून तो रंग खरवडला. तुरीच्या डाळीएवढी जागा. रंगातून वीज जात नाही, हे मला तेव्हा कळलं. सर वाकून म्हणाले, पहिल्यांदा दाबलं तेव्हा थांबलं नव्हतं, माणिकराव. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाले, "जोडणी माझी कच्ची राह्यली, सर. म्हणून तर दुसरी ठेवल्ती." सरांनी क्षणभर विचार केला आणि रुमाल खिशात ठेवला. मैदान मिळालं. पुढची कित्येक वर्षं मिळालं, आणि त्या मैदानावर एका पोराला कधी ओरखडा आला नाही.

रंगाबद्दल ते मला कधीच बोलले नाहीत. मीही कुणाला सांगितलं नाही. एवढ्या गोष्टी सांगितल्या, ही एक सोडून.

तेराव्यानंतर वैनींनी ते इंजिन माझ्या हातात दिलं. रेडिओ बंद होऊन, विमान माळ्यावर जाऊन बरीच वर्षं झालीत. चंदेरी रंग काळा पडलाय, कडेला गंज आहे. पण डाळीएवढी ती एक जागा लख्ख. मी वैनींकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "दर बाजारच्या दिवशी घासून ठिवायचे. म्या म्हणायचे, आता कुठं उडवायचंय? तर म्हणायचे, उडवायचं नसलं तरी बंद व्हाया पाहिजे."

इंजिन आता माझ्या खिडकीत आहे, चाकूही. बाजारच्या दिवशी मी ती जागा घासतो. आणि कुलकर्णी सर, ज्या पेपरच्या पुरवणीत हे छापून येतंय ती तुमच्याकडं येते हे मला ठाऊक आहे... त्या दिवशी जोडणी पक्की होती. रंग मी लावला होता.