मावळातला सगळ्यात धोकादायक माणूस

सून म्हणाली, "आबा, जो येईल त्याला तेच ओरडून सांगता. एकदाचं लिहून टाका." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला लिहायला बसवायचं, आणि वर चहाही वेळेवर द्यायचा नाही. पण गेटवर बसणाऱ्याकडं किस्से साचतातच. वॉचमनला कान असतात, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आमचं रिसॉर्ट लोणावळ्याजवळ, वलवणला. दर थंडीत तिथं दहशतवादावर परिषद भरते. देशोदेशीचे प्रोफेसर, बडे साहेब, झालंच तर बंदूकवाले. यंदा या विद्वानांच्या पायी माझी गेटवरची खुर्ची जायची वेळ आली. तिथपर्यंत येतो, घाई करू नका.

*

पहिल्या वर्षी दोन दिवस एकाच गोष्टीवर भांडण: दहशतवादी म्हणायचं कुणाला? एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा क्रांतिकारक. तिसऱ्या दिवशी सगळे टायगर पॉइंटला भजी खायला गेले आणि व्याख्या पुढच्या वर्षावर गेली.

निघताना मी एका टकल्या प्रोफेसरला विचारलं, "साहेब, तुमचंच ठरंना, मग मी गेटवर अडवायचं कुणाला?"

"फार मोठा प्रश्न आहे," म्हणाला, आणि वहीत लिहून घेतला.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत छापून आला. खाली नाव त्याचं.

*

दिल्लीचे एक साहेब तासभर बोलले. विषय काय, तर देशांनी एकमेकांना माहिती दिलीच पाहिजे. लय टाळ्या पडल्या. मग आमच्या ड्रायव्हरला, दत्तूला, म्हणाले, "स्टेशनला चल."

"कुठल्या, साहेब?"

"ते तुला कळायची गरज नाही."

दत्तूनं त्यांना घोरावाडीला उतरवलं. तिथं लोकलशिवाय काही थांबत नाही, आणि साहेबांची दिल्लीची गाडी पुण्याहून. मॅनेजर दत्तूवर भडकला, तर हा म्हणतो, "मला सांगितलंच न्हाई, तर मी काय करनार? स्टेशनच हाय की ते."

*

दहशतवाद्यांच्या मनावर तीन पुस्तकं लिहिलेला एक पाहुणा माझ्याजवळ सिगरेट ओढत उभा होता. मी विचारलं, "कधी भेटलाय का एखाद्याला?"

"छे. परवानगीच मिळत नाही."

"मग लिहिलं कसं?"

"दुसऱ्यांची पुस्तकं वाचून."

"आन् त्यांनी?"

त्यानं सिगरेट विझवली आणि आत गेला.

*

यंदा परिषदेच्या आधी डॉक्टर वैजयंती मॅडम आल्या. औषधाच्या डॉक्टर नव्हेत, कागदाच्या. माणूस पुढं जाऊन दहशतवादी होईल का, हे आधीच ओळखायचा फॉर्म त्यांनी काढलाय. आम्हा सगळ्या कामगारांचा, माल घेऊन येणाऱ्यांचासुद्धा, भरून घेतला. शून्य ते पाच मार्क.

"सरकारचा राग येतो?"

"पाच. सहा असंल तर सहा लिवा."

"आपला अपमान होतो असं वाटतं?"

"रोज. शनिवारी मुंबईचे गाडीवाले मला 'ए' म्हनून हाक मारत्यात."

"अन्यायाविरुद्ध कुठल्या टोकापर्यंत जाल?"

"सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला कचेरीत पस्तीस खेपा घातल्यात, बाई. ह्याच्या पुढं आनखी कुठलं टोक असतं?"

बाई खाली मान घालून लिहीत होत्या. मला वाटलं, चला, कुणीतरी माझं ऐकून घेतंय.

*

आठवड्यानं मॅनेजरनं बोलावलं. टेबलावर यादी. बहुतेक सगळे पिवळ्यात, माझं एकट्याचं नाव लालमध्ये.

"आबा, मावळात तुमच्याइतका धोकादायक माणूस नाही."

"नऊ वर्षं मीच राखन करतोय तुमची."

"ते खरं. पण मॅडमचा फॉर्म परदेशातही चालतो. उद्यापासून गेटवर नका येऊ."

बाईंना फोन लावला, तर म्हणाल्या, "आकडे माणसाचं तोंड बघत नाहीत." मग तोडगा सांगितला. यादीत हिरव्या रंगात असलेल्या माणसानं लेखी हमी दिली, तर लाल नाव कामावर ठेवता येईल.

हिरव्यात एकच नाव होतं. आमच्याकडं पाव घेऊन येणारा यासीनभाई, लोणावळ्याच्या बाजारातला बेकरीवाला. सगळ्या प्रश्नांना शून्य.

त्यानं पावाचं क्रेट खाली ठेवलं, चष्मा लावला आणि माझ्यासाठी सही केली. मॅनेजर आत गेल्यावर मी विचारलं, "यासीन, तुला शून्य कसं रं पडलं?"

"बाईंनी विचारलं, पोलिसांचा राग येतो? म्हटलं न्हाई. शेजाऱ्यांचा? न्हाई. कुनी कधी अपमान केला? कुनीच न्हाई. बाई म्हनाल्या, फार छान."

"आन् खरं काय?"

त्यानं क्रेट उचललं.

"खरं तुमी बोला, आबा. तुमाला परवडतं."

मी खुर्चीत बसलो. वैजयंती मॅडमनी माझी माफी अजून मागितलेली नाही.