ळ गाळणाऱ्या दोन ओळी

इथे हिंदी मुलखात, शहराच्या झालाना भागातल्या एका छोट्या कंपनीत मी वेबसाइट तपासते. फॉर्म आपोआप भरून बघणाऱ्या स्क्रिप्ट लिहायच्या, रोज सकाळी चालवायच्या आणि काय हिरवं म्हणजे पास आलं, काय लाल म्हणजे नापास, ते साहेबांना कळवायचं. यातल्या युक्त्या मी ठेचा खात शिकले. पान उघडायला वेळ लागतो म्हणून आधी स्क्रिप्टला सरळ पाच सेकंद थांबायला सांगायचे. नेट मंदावलं की सगळं कोसळायचं. मग बटण दिसेपर्यंत थांबायला सांगू लागले. बटण जागेवरून शोधायचं नाही, त्यावरच्या अक्षरांवरून शोधायचं, हे डिझायनरने त्याची जागा तीनदा बदलल्यावर सुचलं.

तेव्हा एका धर्मादाय दवाखान्याच्या ज्येष्ठ नागरिक कार्डाची वेबसाइट आमच्याकडे होती. नाव देवनागरीत, ओळखपत्रावर असेल तसंच भरायचं होतं. मी चाचणीसाठी ळ असलेलं एक आडनाव टाकलं. लाल आलं. ‘कृपया केवल हिंदी अक्षर भरें.’

फॉर्म बनवणाऱ्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, “मैडम, हिंदी में ये अक्षर होता ही नहीं.”

“मारवाड़ी में होता है. और हम मराठी लोग भी यहीं रहते हैं.”

साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, “चार लोग होंगे. परसों साइट सौंपनी है. टेस्ट में नाम बदल दो.”

नाव बदललं असतं तर निदान अहवाल खरा राहिला असता. पण मला ते आडनाव काढवेना, आणि भांडायचीही हिंमत नव्हती. मी मधली वाट काढली. नाव फॉर्ममध्ये जायच्या आधी स्क्रिप्टने ळच्या जागी ल करावा, अशा दोन ओळी लिहिल्या. सगळं हिरवं झालं. अहवालात मात्र ळ असलेलं नाव ‘पास’ दिसत होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि मी ती घेतली.

तीन-चार महिन्यांनी दवाखान्याच्या मदत केंद्राने एक फोन माझ्याकडे वळवला, माणूस मराठी बोलतो म्हणून. बनी पार्क भागात राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले काका होते.

“ताई, फॉर्म ळ घेईना म्हणून आमच्या दोघांच्या कार्डाला मी आडनावात ल भरला. आता काउंटरवर म्हणतात, कार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नाही. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन न करताच दोनदा परत पाठवलं. हिला आता भाजी निवडतानाही दिसत नाही.”

मी उठले आणि तडक त्या मुलाकडे गेले. त्याने परवानगीच्या अक्षरांच्या यादीत एक ळ टाकला. चहा निवायच्या आत काम झालं. काकांचं कार्ड दुरुस्त व्हायला मात्र अकरा दिवस गेले, कारण छापलेलं कार्ड रद्द करायला दवाखान्याच्या समितीची सही लागत होती.

दवाखान्याने जाब विचारला तेव्हा साहेबांनी माझाच अहवाल पुढे केला. “रिपोर्ट में तो पास है. स्क्रिप्ट किसकी है?”

“माझी,” असं माझ्या तोंडून चक्क मराठीत निघालं. मग मी हिंदीत म्हणाले, “सर, मैंने आपको बताया था.”

“लिखकर दिया था?”

नव्हतं दिलं. लेखी होतं ते फक्त ‘पास’.

ऑपरेशन झाल्यावर आभार मानायला काकांचा फोन आला. ते माझ्या चांगुलपणाबद्दल बोलत राहिले, ते मला ऐकवेना. मी म्हटलं, “काका, ही चूक मला आधीपासून माहीत होती. मीच ती झाकली.”

मग ते हळूच म्हणाले, “कशासाठी पण?”

“सगळं हिरवं दिसावं म्हणून,” मी म्हटलं. “बरं,” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही. मीही केला नाही.

त्या दोन ओळी मी पुसून टाकल्या. वर्षाच्या शेवटी साहेबांनी माझ्या कामाच्या शेऱ्यात लिहिलं, ‘बारीक गोष्टींकडे लक्ष कमी.’ खाली सहीसाठी जागा होती. मी सही केली.