राजाच्या तोंडावर तारीख: बदलापूर ते उल्हासनगर

दादाने येत्या सोमवारी घर सोडून अंबरनाथला खोली घ्यायचं ठरवलं, म्हणून शनिवारी सकाळी बाबा मला म्हणाले, "चल गं, उल्हासनगरला जाऊ. त्याच्यासाठी रुमानियाचं जुनं टपाल तिकीट शोधू."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाबा सहा वर्षं मस्कतला कामाला होते, पैसे जेमतेम यायचे. तेवढी वर्षं कॉलेज सोडून, अंबरनाथच्या कारखान्यात लागून दादाने घर चालवलं. बाबा परतले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं तेच ठरवायला लागले. दादा त्यांच्याशी बोलायचाच बंद झाला. त्याला शौक एकच, परदेशी तिकिटांचा. त्याच्या वहीत रुमानियाचं पान तेवढं रिकामं होतं.

बदलापूर गावातून एसटीने अंबरनाथ, पुढे रिक्षा. रस्ता असा की बाबांचा चष्मा दोनदा नाकावरून उडाला. तुम्ही गेलात तर आधी सिंध्यांचं दाल-पकवान खा, कुरकुरीत पुरी आणि वर डाळ. आम्ही एकेक प्लेट हाणली आणि तिसरी वाटून घेतली.

बाजारातल्या गल्लीत तिकिटं विकणाऱ्या सिंधी काकांनी वही उघडली. रुमानियाच्या तिकिटावर लहान पोराचा चेहरा आणि त्यावरच काळ्या शाईत तारीख, ८ जून १९३०.

बाबा भडकले. "ही तारीख इथंच छापलीय! उल्हासनगरचा माल मला ठाऊक आहे!"

अगं आई गं! मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. काका मात्र हसले. "साईं, असली है. वहाँ बच्चा राजा था. बाप हक छोड़कर परदेस गया था. लौटा, और इस तारीख को खुद राजा बन गया. बच्चे के टिकट छपे पड़े थे, तो उसी के मुँह पर तारीख ठोक दी."

"और बच्चे को पूछा नहीं?" बाबांनी विचारलं.

"बच्चे से कौन पूछता है, साईं?"

बाबांनी भाव न करता तिकीट घेतलं, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. रिक्षात एवढंच म्हणाले, "चेहरा झाकून गेलाय गं पोराचा."

घरी आल्यावर त्यांनी तिकीट दादाच्या हातात ठेवलं, सगळी हकीकत सांगितली. मग म्हणाले, "मीही तुला कधी विचारलं नाही रे. चुकलंच माझं." दादा रडला, मी रडले, आई तर आधीपासूनच रडत होती.

तरी सोमवारी तो गेलाच. खोली ठरली होती, आणि त्यालाही स्वतःचं असं काहीतरी हवं होतं. त्या फेरीतून काय उरलं म्हणाल, तर एवढंच: त्याची ट्रंक बाबांनी स्वतः उचलून नेली. नव्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हणाले, "विजय, आत येऊ का?"