पुढचे चाक बघणारे मिस्त्री

गाडी मागून बसली आहे अशी तक्रार घेऊन कोणी आले की मिस्त्री गाडीच्या पुढे जायचे. पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे, चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत उभा हात घालायचे आणि किती बोटे मावली ते मनाशी धरायचे. गिऱ्हाईक मागे उभे राहून ओरडत असायचे.

"मागचा पाटा मोडलाय, न् तू पुढं काय बघतंस? डोलं फुटलं काय र तुजं?" दिवाळे गावची एक कोळीण एकदा त्यांच्यावर कडाडली. तिच्या मासळीच्या टेम्पोचे बूड रस्त्याला टेकायला आले होते.

"मावशी, पोट दुखलं तरी डाक्टर जीभच बघतो ना?" मिस्त्री म्हणाले.

त्यांनी त्या टेम्पोला नवा पाटा घातलाच नाही. बर्फाची पेटी मागून उचलून पुढे केबिनला भिडवली आणि तिला जायला सांगितले. ती शिव्या देत गेली, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर बोंबील घेऊन हसत आली.

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. मी मात्र दुसरा पाहिला नाही. वाशीच्या खाडीपुलाला तेव्हा पाच-सात वर्षे झाली असतील. नवी मुंबई म्हणजे बहुतेक मुरूम, आखणीच्या खुंट्या आणि पाट्या होत्या. तुर्भ्याला रस्त्याच्या कडेला चार पत्र्यांची शेड, एक भट्टी, एक ऐरण, एवढाच मिस्त्रींचा पसारा. बहात्तरच्या दुष्काळात ते जालन्याकडून खाणीवर दगड फोडायला आले होते. पण लोखंडाचे काम त्यांना आधीपासून येत होते, म्हणून खाणीच्या ट्रकांच्या कमानी दुरुस्त करू लागले. कमान म्हणजे चाकावरची ती एकावर एक रचलेली पोलादी पट्ट्यांची, म्हणजे पाट्यांची, चळत. तिच्यावरच गाडीचा भार असतो.

पाटा ते टांगून हातोडीने हलकेच ठोकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. चीर डोळ्यांना दिसत नसेल तरी त्यांना ती ऐकू यायची. गाडी तयार झाली की पूर्ण माल भरायला लावायचे आणि तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालायचे. समोरून भरलेली गाडी अंगावर येते आहे आणि हा वाळलेला माणूस तिच्या पुढच्या चाकांवरची नजर न काढता मागे मागे सरकतो आहे. मला पाहतानासुद्धा धडकी भरायची. ते मधूनच म्हणायचे, "अजून पुढून टेकंना गेलीय नीट." आणि गाडी पुन्हा आत.

मी तेव्हा पस्तिशीचा होतो. एका ठेकेदार शेठकडे गाड्यांचा सुपरवायझर. आमचे पायाखोदाईचे काम बेलापूरकडे चालू होते. खडक फोडायला हवेचा कॉम्प्रेसर लागायचा. दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेले ते अवजड धूड आमची पिकअप रोज हुकाला लावून ओढायची. पिकअपचे बूड खाली आणि नाक वर, अशी तिची चाल झाली होती. ड्रायव्हर हसुराम करावे गावचा. त्याने गाडी आणि ट्रॉली मिस्त्रींच्या शेडवर लावली आणि बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर गेला.

मिस्त्रींनी पुढच्या चाकात हात घातला आणि मान हलवली. ट्रॉलीच्या दांड्यावर, अगदी हुकाजवळ, आम्ही पहारी आणि ड्रिलच्या सळ्यांची लोखंडी पेटी बसवली होती.

"आधी ही पेटी ट्रॉलीच्या मागं न्यायची. हुकावर भार लई आहे, त्यानं पुढचं चाक उचलतं. मग कमानीवर एक हेल्पर पाटा देतो. गाडी रिकामी असली तर दोन बोटं अधांतरी राहील, माल आला की टेकंल."

"अधांतरी कशाला? दोन जाड पाटे घट्ट घालून टाका ना, ट्रकचे. बूड वर येईल."

"बूड येईल. नाक खाली येणार नाही," ते म्हणाले. "लोखंड घालून वजन जात नसतं, साहेब. नुसतं लपतं."

"किती दिवस?"

"चार."

कॉम्प्रेसर चार दिवस बंद म्हणजे शेठच्या शिव्या मला. मी म्हटले, उद्या पाहिजे. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग माझ्याच्यानं होणार नाही." मी स्वतःच पिकअपच्या स्टेअरिंगवर बसलो. ते क्षणभर बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, मग बाजूला झाले.

दुसऱ्या एका गॅरेजात मला पाहिजे तसे पाटे अर्ध्या दिवसात बसले, पेटी हुकाजवळच राहिली. पिकअप कॉम्प्रेसरसकट अशी सरळ उभी राहिली की मी स्वतःवरच खूश झालो. हसुराम रजेवरून आला, एक फेरी मारली आणि म्हणाला, "सायब, ष्टेरिंग हलकं लागतंय."

"मग बरंच आहे की!" मी म्हटले.

माझे हे वाक्य मी पुढे आयुष्यात मनात अनेकदा ऐकले आहे.

तिसऱ्या दिवशी बेलापूरच्या उतारावर त्याने स्टेअरिंग फिरवले आणि चाके वळूनही गाडी वळली नाही. पुढच्या चाकांवर भारच नव्हता. मागून कॉम्प्रेसरने ढकलले आणि पिकअप नाल्यात गेली. हसुरामचा पाय मांडीपासून चेंगरला. पाय राहिला, पण आखूड आणि ताठ. गाडी चालवणे संपले.

शेठने विचारले, "पाटे कोणी घातले?"

मी म्हटले, "तुर्भ्याच्या मिस्त्रीने."

आमच्या सगळ्या गाड्या तिकडेच जात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. शेठने मिस्त्रींना यार्डात बोलावले. नाल्यातून काढलेली पिकअप तिथे पडली होती. त्यांनी वाकून मागचे पाटे पाहिले. ते आपले नाहीत हे त्यांना एका नजरेत कळले असणार.

"तुझं काम ना हे?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी यार्डाच्या फाटकाकडे पाहू लागलो.

"गाडी माझ्या दारात आली होती," ते म्हणाले. "मी तिला जाऊ दिलं."

शेठने याचा अर्थ हो असा घेतला. आमचे काम त्यांच्याकडून गेले. मग बाकीच्या ठेकेदारांचेही गेले.

मी त्यांच्यामागून रस्त्यावर धावलो. "मिस्त्री, तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"खरंच सांगितलं," ते म्हणाले. "माप मी घेतलं होतं. मला ठाऊक होतं काय होणार ते. गाडीच्या आडवं पडायला पाहिजे होतं, पडलो नाही. माझं मी बोललो. तुमचं तुम्ही बघा."

मी काही बघितले नाही. नोकरी टिकली, पुढे बढतीही मिळाली. तुर्भ्यावरून जाताना मी गाडीत उजवीकडे तोंड करून बसायचो, कारण शेड डावीकडे होती.

गेल्या वर्षी मिस्त्री वारले. शेडच्या जागी आता नव्या सेक्टरचे गटार आहे. बातमी कळल्यावर आठ दिवसांनी मी करावे गावात गेलो. हसुराम पाय लांब करून ओटीवर जाळे विणत बसला होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले. पाटे कोणाचे, हुकूम कोणाचा, मिस्त्रींचे नाव कोणी घेतले.

त्याचे हात थांबले.

"त्यो मिस्त्री दर आयतवारी दवाखान्यान येयाचा," तो म्हणाला. "डबा आनायचा. मी त्याला आयबहिनीवरनं शिव्या घालायचो. समद्या वार्डासमोर. त्यो ऐकून घेयाचा, मंग इचारायचा, 'आज पाय किती वाकला, दाखव.' घरी आलो तरी येयाचा. हितंच बसायचा, तुमी उभं हाय तिथं. मी घालायचो शिव्या, त्यो ऐकायचा. किती वर्सं, सायब."

"कधीच बोलले नाहीत?"

"तुमचं नाव? कदीच नाय."

त्याने जाळे बाजूला सारले. "आता त्यो नाय. त्या शिव्या मी कोनाकरं जाऊन परत घेऊ? सांगा ना."

निदान आता तो मला शिवी घालील म्हणून मी उभा राहिलो. खाडीला भरती लागली होती, होड्या हलायला लागल्या होत्या. हसुरामने तोंड फिरवले आणि तो रडू लागला. मला त्याने एकही शिवी घातली नाही.