घरोघरचे आकडे

आमचं गाव आता पुण्यात आहे. म्हणजे गाव जागचं हललं नाही. खराडीकडून काचेच्या इमारती चालत चालत आल्या आणि एके सकाळी आमच्या मारुतीच्या पाराला येऊन टेकल्या. पण मी सांगतोय तेव्हा पुणं अजून लांब होतं, आणि आमच्या गावात सरकारची नव्हे, आमची स्वतःची वीज होती. वीज सहकारी सोसायटी! सरकारकडून वीज घाऊक घ्यायची आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांना किरकोळीत द्यायची, पोतंभर कोथिंबीर आणून जुडीजुडीने विकावी तशी.

ही सोसायटी माझ्या चुलत्यांनी उभी केली. 'उभी केली' हे शब्दशः घ्या. पहिला खांब ओढून आणायला त्यांनी आपली बैलजोडी जुंपली. वाटेत एक बैल बसला, तर त्याच्या जागी त्यांनी स्वतःला जुंपून घेतलं. दुसरा बैल पुढे मरेपर्यंत त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने वागत असे. पहिला दिवा लागला त्या संध्याकाळी गावातले झाडून सगळे कोंबडे आरवले आणि एका म्हाताऱ्याने दिवस उगवला म्हणून पुन्हा आंघोळ केली. तेव्हापासून चुलत्यांना सगळं गाव 'चेअरमन' म्हणू लागलं. मीही. माझी काकीसुद्धा. "चेअरमन, आंघोळीचं पानी काढलंय, निवंल," ही हाक ऐकतच मी मोठा झालो.

मी सोसायटीत वायरमन होतो, कारकून होतो, आणि वार्षिक सभेत चेअरमनच्या भाषणाला पहिली टाळी वाजवायचं खातंही माझ्याकडेच होतं. भाषणाचं शेवटचं वाक्य ठरलेलं. "आपल्या सोसायटीच्या हद्दीत एकबी आकडा न्हाई!" टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. टाळ्या वाजवून लोक घरी जायचे, काठीला वाकडी तार बांधायचे आणि आकडा आमच्या तारेवर टाकून निवांत वीज प्यायचे.

आकडे इतके की थवेच्या थवे बगळे आमच्या गावाला वळसा घालून जात. उंच माणसाने टोपी काढूनच रस्त्याने जावं, इतक्या तारा खाली झुकलेल्या. आणि दिवे? दिवा लागलाय की नाही हे पाहायला काडी ओढावी लागे.

चेअरमनना हे ठाऊक होतं. सगळ्यांचं ठाऊक होतं, फक्त स्वतःच्या घरचं नव्हतं. काकीची परसात पिठाची गिरणी होती. तिच्यासाठी ती दरवर्षी सोसायटीकडे कनेक्शन मागायची, आणि चेअरमन दरवर्षी तिला सांगायचे, "घरच्याला आधी दिलं तर लोक काय म्हनतील?" गिरणी मात्र चालू होती. ती डिझेलवर चालते असा चेअरमनचा समज होता, आणि डिझेलचा वास येत नाही याचं श्रेय ते काकीच्या टापटिपीला देत.

सोसायटीत आलेली वीज आणि बिलात उतरलेली वीज यांतली तूट म्हणजे गळती. आमची गळती वाहत वाहत सरकारदरबारी पोचली. देशाने नुकतीच दारं-खिडक्या उघडल्या होत्या, जो तो कॉम्प्युटरवर चढायच्या घाईत होता, आणि आता अशा सोसायट्यांची तपासणी होणार होती. गळती आवरली तर सोसायटी राहील, नाहीतर मोडून सरकारी जाळ्यात जाईल. चेअरमन त्या दिवशी जेवले नाहीत. "सोसायटी गेली तर मी निस्ता चुलता राहीन रं," मला म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज आमच्या दिव्यासारखा झाला होता.

तपासणीचं काम पुण्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या बाईंना दिलेलं. त्यांचा फोन आला आणि तो चेअरमननी स्वतः घेतला. चेअरमन फोनवर असे बोलत की मधली तार नसती तरी पुण्यात ऐकू गेलं असतं. बाई पेठेतल्या, त्यांचाही आवाज कानापासून हातभर लांब धरलेल्या रिसीव्हरमधून मला स्पष्ट येत होता.

"हे पहा, मी शुक्रवारी येते. घरोघरचे आकडे गोळा करून ठेवा. सगळे. कागदावर रंगवलेले नकोत, खरे आकडे हवेत. आणि चहा नको."

चेअरमननी फोन ठेवला आणि उपरण्याने कपाळ पुसलं.

"तिला समदं ठावं हाय."

"काय?"

"आकडे! घरोघरचे, म्हनली. खरं-खरं."

"चेअरमन, अहो, आकडे म्हणजे..."

"गप! हयात गेली माझी विजेत. आकडा म्हंजी काय ते तू शिकवतो व्हय मला?"

मी नाही शिकवलं. पगार तेच देत होते.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळावरच्या कर्ण्यातून चेअरमन गरजले, "समस्त ग्रामस्थांस कळवन्यात येतं, का ज्यानं त्यानं आपापला आकडा सोसायटीत आनून जमा करावा. कुनाला काय बी इचारलं जानार न्हाई. पन आमच्याकडं न्हाईच असं जो म्हनंल, त्याच्या दारात मी सोता येऊन भाषन करीन!"

या धमकीने गाव हादरलं. रांग लागली ती थेट ओढ्यापर्यंत. व्हाईस चेअरमन दोन आकडे घेऊन आले. "एक माझा, एक सासऱ्याचा." कोणी म्हणे, "माझा जरा नाजूक हाय, ढिगात खाली नगा टाकू." कोणी म्हणे, "काठी माघारी मिळंल न्हवं? शेवग्याच्या शेंगा काढाया लागती."

ढीग एवढा झाला की भर दुपारी कचेरीवर सावली आली. आणि संध्याकाळी दिवे लागले ते असे, की लोकांनी डोळ्यांवर हात धरले. एका घरात भिंती हिरव्या आहेत हे पहिल्यांदाच दिसलं आणि 'हा रंग कुणी आणला' यावरून नवराबायकोत जुंपली. अडलेल्या म्हशीसारखा कण्हणारा आमचा ट्रान्सफॉर्मर गाणं गुणगुणायला लागला.

शुक्रवारी बाई जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांना पाहायला गाव पुन्हा ओढ्यापर्यंत रांग धरून उभं होतं. हातात शिलाई मशीनएवढा कॉम्प्युटर, चेहऱ्यावर पुणे.

"आकडे तयार आहेत?"

चेअरमननी हात जोडले आणि त्यांना कचेरीमागे नेलं. "मोजून घ्या, बाई. एकबी लपिवला न्हाई."

बाईंनी ढिगाकडे पाहिलं. चेअरमनकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा ढिगाकडे पाहिलं.

"अहो, मला संख्या हव्या होत्या. किती युनिट, किती ग्राहक. आकडे!"

आपण चोरी पकडून दिली ती आपल्याच गावाची, आणि तीही न मागता, हे चेअरमनच्या ध्यानात आलं. मी मान फिरवली, तर रांग दुभंगत होती. काकी येत होती. तिच्या खांद्यावर आकडा होता, आणि तो साधासुधा नव्हता. तीन दातांचा, दाताळ्यासारखा, एका झटक्यात तिन्ही फेज पकडणारा.

"घ्या चेअरमन. ऱ्हायलेला."

"आपल्या घरचा?" चेअरमन म्हणाले. "आन डिझेल?"

"डिझेल कुठनं आनू? तुमच्या भाषनातनं?"

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"आमच्या मंडळी," चेअरमन पुटपुटले.

"धा वेळा रीतसर मागितलं, बाई," काकी म्हणाली. "ह्यांना लोकांची भीती. घरच्याला दिलं तर लोक काय म्हनतील!"

"लोक काय म्हणतात ते विचारा की आता," बाई म्हणाल्या. "सगळे इथेच उभे आहेत."

चेअरमन रांगेकडे वळले. भाषण आलं नाही. एवढंच म्हणाले, "देऊ का हिला?"

सगळे हात वर गेले. ओढ्याकाठी उभ्या असलेल्या, काय विचारलंय हे न ऐकलेल्या लोकांचेसुद्धा. तिथल्या तिथे ठराव झाला, आणि मग बाईंनीच पुढचं वदवून घेतलं. ज्याने आकडा दिला त्याला महिन्याभरात मीटर. चेअरमन "हो" म्हणाले आणि मी खांबावर चढायची तयारी करू लागलो. तो महिनाभर खाली उतरलोच नाही म्हणा ना.

बाई मुख्य मीटरपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. गेल्या दोन-चार दिवसांत तो इतका सावकाश फिरत होता की त्यावर कोळी जाळं विणत होता. "गळती कुठे आहे हे शोधायला माझ्या कॉम्प्युटरला वर्ष लागलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर तिचा ढीगच घातलात." पुन्हा येऊन पाहते म्हणाल्या, आणि पुन्हा आल्या तेव्हा गळती तशीच खाली होती. जीपमध्ये बसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सोसायटी राहू द्या असं मी कळवतेय. इथले आकडे मी स्वतः पाहिलेत. खरे आहेत." चहाही घेतला. अर्धा.

काठ्या ज्याच्या त्याला परत दिल्या, तारा काढून. त्या मोसमात मंडईत जिकडेतिकडे आमच्याच गावचा शेवगा होता. काकीचं दाताळं तेवढं चेअरमननी कचेरीत आपल्या खुर्चीमागे टांगलं.

सोसायटी पुढे बरीच वर्षं चालली. मग काचेच्या इमारती आल्या, त्यांचा एकेक मजला आमच्या अख्ख्या गावाची वीज एका घासात खाऊ लागला, आणि सभासदांनी पुन्हा हात वर करून सोसायटी सरकारी जाळ्यात सोडली. लाडू वाटून. चेअरमन रडले नाहीत. खुर्चीमागचं दाताळं काढून खांद्यावर टाकलं आणि घरी आले.

आता तिघं एकाच फ्लॅटमध्ये राहतो, चौथी माझी मुलगी, खराडीत कॉम्प्युटरवर काम करणारी. इथे लाईट गेली की पापणी लवायच्या आत जनरेटर लागतो. चेअरमन कुरकुरतात, "नीट जाऊ बी देत न्हाईत." दाताळं बाल्कनीत आहे, त्यावर काकी पापडांची पिशवी अडकवते.

परवा मुलगी फोनवर साहेबाला सांगत होती, "सर, सगळे आकडे आज संध्याकाळपर्यंत देते."

चेअरमन खुर्चीतून ताडकन उठले आणि बाल्कनीकडे निघाले.

"चेअरमन, बसा खाली," काकी म्हणाली. "आपला जमा झालाय."