सिनेमातलं अकरावं कोकरू

बिरू धनगराची अक्षराशी ओळख नव्हती, पण मेंढरू एकदा पाहिलं की त्याच्या आजीपर्यंतची वंशावळ तो सांगायचा. न विचारताही सांगायचा. कार्तिकात कळप घेऊन तो देशावर उतरे, तेव्हा वेल्ह्याखालच्या वाडीतले शेतकरी आपली दोन-चार मेंढरं त्याच्या हवाली करत आणि ज्येष्ठाच्या तोंडाला मोजून परत घेत. मोजून म्हणजे काय, तर बिरू म्हणेल तो आकडा.

सत्तावन्न साली परतताना गुंजवणी नदीला वळवाचं पाणी आलं आणि सगुणाबाईचं मेंढरू वाहून गेलं. बिरूनं गुपचूप आपल्या कळपातलं तसंच एक नेऊन तिच्या दारात बांधलं.

"हे माजं न्हाई, बिरूदादा," सगुणाबाई म्हणाली. "माजं हाक मारली की यायचं."

"मेंढरं वळखायला मला शिकवताय, वैनी? देशावरचं पानी पिऊन बदललं त्ये!"

बिरू एवढा कडाडला की सारी वाडी हसली, आणि त्या दिवसापासून सगुणाबाईचं नाव 'पारखीण' पडलं. बिचारीनं पुन्हा तोंड उघडलं नाही. नुकसान तर कुणाचंच झालं नाही, असं म्हणत बिरूनं चिलीम पेटवली.

दिवाळी झाली. कळप निघायच्या आदल्या दिवशी रखमाजीचा फिरता सिनेमा कापूरहोळहून वाडीत आला. हातानं काढलेली जनावरं पडद्यावर चालत-बोलत होती. साहेबाच्या पोरांच्या पुस्तकातली गोष्ट म्हणे. बोली साहेबाची, म्हणून अर्थ रखमाजी सांगे. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं, पण तेवढ्यासाठी तो कुठं अडला नाही. टोपीवाला बोकड अकरा कोकरं घेऊन लांडग्याच्या राज्यातून निघाला. लांडग्यानं त्यांना गाणं म्हणून दाखवलं, तेव्हा धनगरवाड्यातल्या लोकांनी कपाळाला हात लावला. बिरूला गाण्याशी कर्तव्य नव्हतं. मग पडद्यावर नदी आली. कळप पाण्यात उतरला की त्याची बोटं आपोआप मोजू लागत, तशी आताही लागली. या काठाला अकरा भरली, त्या काठाला दहा.

"आनि समदी सुखरूप घरी पोचली!" रखमाजीनं आरोळी ठोकली.

"समदी न्हाई!" बिरू ताडकन उठला. "येक पान्यात ऱ्हायलं!"

"आजोबा, चितरं हायती ती. त्यांचं काय मोजायचं?"

"चितर झालं म्हनून काय? ज्यानं पान्यात घातलं, त्यानं भाईर नको काढाय?"

गेनबा शेतकरी मोठ्यानं हसला. "म्हातारं चळलं! औंदा आपली मेंढरं दुसऱ्याकडं द्यावी."

हे बिरूच्या जिव्हारी लागलं. शेवटचं रीळ पुन्हा लावायला लावूनच तो खाली बसला. आता गोष्टीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सारी वाडी मोठमोठ्यानं मोजत होती. दहाच भरली. रखमाजीनं आधी यंत्राला बोल लावला, मग चित्रकाराला, आणि शेवटी म्हणाला, "जाऊ द्या. फुडच्या गावाला म्या सुरवातीपास्नं दहाच सांगतो."

लोकांनी टाळ्या पिटल्या. गेनबानं तर बिरूच्या खांद्यावर हात टाकला. "माजी समदी मेंढरं तुमच्याकडंच, आण्णा!"

बिरूला मात्र रखमाजीचं बोलणं बोचत होतं. सगुणाबाईच्या दारात आपणही हेच केलं होतं, वाहून गेलेलं झाकलं होतं, हे त्याला आता कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. गेनबाचा हात बाजूला सारून तो बायका बसल्या होत्या तिकडं गेला.

"वैनी, तुमचं खरं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तुमचं मेंढरू गुंजवणीत गेलं. दारातलं हाय ते माज्या घरचं."



"मला ज्येष्ठातच ठावं हुतं," सगुणाबाई म्हणाली. "चितरातल्या कोकरासाटी येवढं वरडलात, दादा. माज्या मेंढरासाटी तवा येक शबूद काढला न्हाई."

दुसऱ्या दिवशी कळप निघाला, त्यात गेनबाचं एकही मेंढरू नव्हतं. सगुणाबाईनं मात्र दारातलं सोडून आणलं आणि कळपात घातलं.

"मोजून न्या," ती म्हणाली, "आनि कमी भरलं तर कमी सांगा."