धोका नाही, असं खालची आळी म्हणाली

पूर ओसरून गेल्यावर पूर पाहायला येता का, असं भूगोलाच्या प्राध्यापकांनी विचारलं आणि मी तात्काळ हो म्हटलं. ऐन हिवाळ्यात, घोटाभर पाण्याच्या नदीकाठी बसून महापुराची चर्चा करायची यात एक वेदान्ती गंमत आहे. शिवाय हुरड्याचे दिवस होते. संशोधनाला तेही एक अधिष्ठान असावं.

आमच्या मोहिमेचं नाव ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’. हे एका दमात म्हणून होईपर्यंत पाणी उंबऱ्याला लागेल. अर्थ एवढाच की एका नदीकडे तीन विद्यांनी एकदम बघायचं: भूगोलाचे प्राध्यापक, एक इंजिनिअर आणि समाजशास्त्राच्या तरुण बाई. वर्तमानपत्रातर्फे मी, म्हणजे चौथी अविद्या.

पुण्याहून निघालात तर मनमाडला छोट्या रुळांची गाडी धरा आणि सोबत पांघरूण घ्या. खिडक्या खाली येतात, पण स्वतःच्या मर्जीने. परभणीला उतरल्यावर टांगेवाला दोन रुपये सांगतो. आपण पायी चालू लागलो की एकावर येतो. स्टेशनासमोरच्या हॉटेलात शेंगदाण्याची चटणी आणि तर्री इतकी झणझणीत की इंजिनिअरसाहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, गावाची आठवण झाली. त्यांचं गाव दादरला आहे.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने चुडाव्याकडे. पिंगळीला समोरच्या गाडीसाठी आमची बराच वेळ थांबली. तिथे पेरू घ्यावेत. चुडाव्याहून पुढे बैलगाडी. ती आमचे यजमान माणिकराव पाटलांनी धाडली होती. रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात तो कसा असेल, असं मी विचारलं, तर गाडीवान म्हणाला, “पावसाळ्यात कुठला रस्ता, सायेब?”

गाव उंचावर, आणि नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठी, अगदी खोलगटात, खालची आळी. तिथे बौद्ध कुटुंबं राहतात. मागच्या पुरात यातली बरीच घरं बसली. लोकांनी ती त्याच जागी पुन्हा उभी केली, कारण दुसरी जागा नव्हती. आता गावामागच्या माळावर त्यांना जागा द्यायची की नाही, हे सरकार आमच्या तिन्ही विद्यांच्या अहवालावरून ठरवणार होतं.

पहिलंच घर कोंडाबाईंचं. पन्नाशीच्या, ताठ कण्याच्या बाई. आत शिरताच माझी नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे गेली. थेट माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला, टेकलेली. दर्शनाला मान मोडून घ्यावी लागे. भक्तीची उंची, असं मी मनात टिपून घेतलं.

भूगोलाने घसा साफ केला. “कोंडाबाई, तुम्हाला या नदीपासून धोका वाटतो का?”

“धोका?” बाई हसल्या. “न्हाई बा. नदी कशाला धोका देती?”

शेजारच्या घरी तेच. पलीकडे तेच. एका म्हाताऱ्याला तर राग आला. “लहानपणापासून हिचं पानी प्यायलो. धोका कामून दिल ती?” साऱ्या आळीत नदीची अब्रू निष्कलंक निघाली. इंजिनिअरसाहेब खूश झाले. लोकांनाच धोका वाटत नाही, तर माळावर घरं बांधायचा खर्च कशाला?

रात्रीचं जेवण माणिकरावांकडे. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा; वाढणाऱ्यांना नको म्हणता येत नाही, हे पोटाला आधीच बजावून ठेवा. बोलता बोलता मेव्हण्याची गोष्ट निघाली. बाजारात त्याने पाटलांच्या गळ्यात एक लंगडा बैल मारला होता.

“सख्ख्या मेव्हण्यानं धोका दिला हो!” पाटील कळवळून म्हणाले.

माझा घास हातात राहिला. मी समाजशास्त्राकडे बघितलं, समाजशास्त्राने माझ्याकडे. निजामाच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या उर्दूत मुरलेल्या या मुलखात धोका म्हणजे दगा, विश्वासघात. आम्ही दिवसभर घरोघरी जाऊन, तुमची नदी दगाबाज आहे का, असं विचारत फिरलो होतो! मी शब्दाचं मूळ शोधायला संस्कृताकडे धावलो. संस्कृताने हात वर केले.

सकाळी पुन्हा कोंडाबाईंच्या दारात. दुरुस्ती मीच सुचवली होती. शुद्ध, निर्दोष शब्द.

“कोंडाबाई, नदीचं भय वाटतं का?”

“भ्याव?” बाई ताठ झाल्या. “मी कुनाला भेत नसती.”

आमची देववाणी तिथेच थिजली. मग समाजशास्त्राच्या बाई ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “मावशी, पाऊस लागला की रात्री झोप लागते का?”

कोंडाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

“झोप? पोरी, आभाळ वाजलं की म्हशीचं दावं सोडून हातात धरती मी. जवारीचं गाठोडं माळवदावर. लेकरं निजत्यात, मी नाल्याकडं कान लावून बसती.” मग त्यांनी तसबिरीकडे बोट दाखवलं. “मागल्या खेपी पानी त्येच्या वीतभर खालपत्तुर आलं हुतं, म्हनून त्येला वर लावला.”

मी माझी भक्तीची उंची मुकाट्याने खोडली.

“मग काल धोका नाही का म्हणालात?” भूगोलाने जवळजवळ गाऱ्हाणंच केलं.

“धोका येगळा, खतरा येगळा. खतरा म्हना की सरळ! खतरा लय हाय.” बाई खळखळून हसल्या, शेजारच्या बायकाही हसल्या. मग हसू एकदम गेलं. “पन काल तुमी लिवलं काय? धोका न्हाई म्हनून? म्हंजी आमी हितंच का?”

इंजिनिअरसाहेबांनी खिशातून पेन काढलं, त्यांच्यासमोर कालचं सगळं खोडलं आणि आळीतल्या पहिल्या घरापासून झोपेची चौकशी करायला निघाले. एकाही घरी झोप सापडली नाही.

आम्ही बैलगाडीत बसताना कोंडाबाईंनी पदरातून हुरडा माझ्या हातात ओतला. “नदीनं धोका दिला न्हाई, सायेब. ती वाजत-गाजत येती. तुमी देऊ नका म्हंजी झालं.”

अहवाल गेला. खालची आळी माळावर न्यावी, अशी तिन्ही विद्यांनी एकमुखाने शिफारस केली. तीन तज्ज्ञ मंडळी एकमुखाने काही बोलतात, हाच मला मोठा नैसर्गिक चमत्कार वाटला. पण कागद अजून वरच्या कचेरीत आहे आणि माळ मोकळा. मी भूगोलाला फोन करून विचारत असतो. हल्ली ते घरी नसतात.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर चुडाव्याला उतरा, आणि हुरड्याआधी गावामागच्या माळावर नजर टाका. तिथे घरं दिसली तर मला जरूर कळवा.

परवा पुण्यात अवकाळी पाऊस झाला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. सकाळी चहा ठेवताना ही म्हणाली, “रात्री झोप लागली नाही का?”

प्रश्न बरोबर विचारला होता.